घरातले थिएटर आणि आजीची वाकय

(बी. ए. भाग दोन)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहाच्या खोलीला कुलूप लावून मी अमरावतीहून अकोल्याला घरी गेले, तेव्हा आमच्या घरात थिएटर आलेले होते. वाचकांनी दचकू नये. आमचे घर दोन खोल्यांचे. वर टिना, खाली फरशी, आणि भिंतींना दर दिवाळीला चुना. त्यातल्या समोरच्या खोलीत एक त्रेचाळीस इंची टी. व्ही., पाच लहान आणि एक मोठा असे सहा स्पीकर, आणि त्यांच्यामधून सापासारख्या पसरलेल्या वायरी, एवढ्या ऐवजाला हल्ली 'होम थिएटर' म्हणतात. हे सारे माझ्या दादाने बारा हप्त्यांवर घेतले होते. मी दारात पाय ठेवला आणि दादाने बटण दाबले. पडद्यावर कोणीतरी कोणाला तरी ठोसा मारला. वरची टिना थरथरली, फळीवरचा पेला खाली आला, आणि गल्लीतली कुत्री भुंकू लागली.

दादाने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. "कसं वाटलं वं?"

मी "छान" म्हटले. दुसरे काय म्हणणार? मग इकडेतिकडे पाहून विचारले, "आजी कुठे आहे?"

आजी बाहेर ओट्यावर बसली होती. दाराकडे पाठ करून.

माझी आजी गेली कित्येक वर्षे रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला जुन्या डब्यासारख्या टी. व्ही.समोर मालिका पाहायला बसत असे. आजोबा गेल्यापासून तर तिची तेवढीच करमणूक होती. तिला वाटले असेल जरा हवेला बसावे, असे मी पहिल्या दिवशी समजले. दुसऱ्या दिवशीही ती ओट्यावरच. तिसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारले. ती म्हणाली, "काय पाहू माय त्यात? तोंडं हालतेत, पण बोलणं समजत नाही. नुसता धडधडाट. मांगच्या डब्ब्यात निदान कोण काय म्हणते ते तरी समजे."

घरात इतक्या महागाची वस्तू आली आणि घरातले सर्वांत वडीलधारे माणूस घराबाहेर गेले! आणि गंमत म्हणजे हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. या एका गोष्टीने मला विचार करायला लावले, आणि तो विचार वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख. आपल्या वार्षिकांकात हुंडा, बेकारी आणि परीक्षापद्धती यांवर लिहिण्याची प्रथा आहे. त्यात स्पीकर आणि टी. व्ही. यांचा विषय काहीसा हलका वाटेल, याची मला जाणीव आहे. पण आज खेड्यापाड्यांतही हप्त्यांवर असे संच येत आहेत. आवाज आणि चित्र 'सुधारायचे' म्हणजे आणखी एखादी मोठी पेटी आणायची, असे जवळजवळ प्रत्येक जण समजतो. माझे मत याच्या उलट आहे. मोठा आवाज निराळा आणि स्पष्ट आवाज निराळा. घरातल्या थिएटरची परीक्षा सर्वांत तिखट कानाच्या माणसाजवळ नव्हे, सर्वांत कमी ऐकणाऱ्या माणसाजवळ बसून घ्यावी.

हेच मत मी त्या दिवाळीत दादाला ऐकवले, आणि घरात फटाक्यांच्या आधी आमचाच आवाज झाला. दादाच्या मनात आणखी मोठा वूफर घ्यायचे चालले होते. मी म्हटले, पैसे वाया घालवू नको, आधी आहे त्याचा आवाज कमी कर. दादा उसळला. "कॉलेजात गेली तं मले शिकवून रायली काय? दिवसभर गॅरेजात मी लोकायचं आयकतो. मालकाचं आयकतो, गिऱ्हाइकाचं आयकतो. घरी आल्यावर घंटाभर माह्या मशीनचा आवाज लोकायनं आयकला, तं तुह्या बापाचं काय जाते?"

आम्हा दोघांचा बाप तिथेच कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होता. तो काही बोलला नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. दादाने दहावीनंतर शाळा सोडली आणि तो गॅरेजात लागला. त्याने सोडली म्हणून मला धरता आली. माझ्या वसतिगृहाच्या पैशांत त्याच्या ग्रीसने काळ्या झालेल्या हातांचा वाटा आहे. ज्याचे म्हणणे दिवसभर कोणी ऐकून घेत नाही, त्याला संध्याकाळी आपल्या घरातून मोठा आवाज निघावासा वाटला, तर त्यात काय गैर? आणि त्याच्याच पैशांवर चार पुस्तके वाचून त्याचा आवाज कमी करायला निघालेली मी कोण? हा प्रश्न मी अजूनही स्वतःला विचारते. पण त्याच वेळी मला ओट्यावरची पाठमोरी आजीही दिसत होती. दादा खोटा नव्हता आणि आजीही खोटी नव्हती. मग चूक होती कशात?

सुट्टी संपवून अमरावतीला परतले आणि वाचनालयात बसून या विषयावर जे मिळेल ते वाचू लागले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीला तुटला. तरी एक गोष्ट अशी सापडली की ती वाचताना मला आमचीच खोली दिसू लागली.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवे व्याख्यानगृह बांधले गेले होते. सभागृह देखणे, पण प्राध्यापक काय बोलतात ते विद्यार्थ्यांना कळेना. एक शब्द उच्चारला की त्याचा घुमारा सुमारे साडेपाच सेकंद भिंतींवर आपटत राही. तेवढ्यात पुढचे दहाबारा शब्द येऊन पहिल्यावर चढत. विद्यापीठाने हे कोडे वॉलेस सॅबिन नावाच्या एका तरुण प्राध्यापकावर सोपवले. त्याने काय करावे? शेजारच्या नाट्यगृहातल्या बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून या सभागृहात आणल्या, एकेक मांडत गेला, आणि ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळाने मोजले. सकाळी गाद्या पुन्हा जागेवर! असे कितीतरी रात्री केल्यावर त्याला नियम सापडला. खोली जितकी मोठी तितका घुमारा लांब, आणि खोलीत आवाज पिणारे मऊ सामान जितके जास्त तितका घुमारा आखूड. पुढे १९०० साली उघडलेले बोस्टनचे प्रसिद्ध संगीतगृह त्याच्याच हिशेबाने बांधले गेले.

सांगायचा मुद्दा असा की, त्या विद्यार्थ्यांना ऐकू येत नव्हते ते प्राध्यापकांचा आवाज लहान होता म्हणून नव्हे. खोली शब्द गिळत होती. आमच्याही खोलीत तेच चालले होते. वर पत्रा, खाली फरशी, चारी बाजूंना उघड्या भिंती. आवाज पिणारे म्हणून एकही मऊ वस्तू नाही. अशा खोलीत आणखी मोठा वूफर आणणे म्हणजे चिखलात रुतलेल्या बैलगाडीवर आणखी दोन पोती टाकणे.

दुसरी गोष्ट कानाची. वय झाले की माणसाचे ऐकणे सगळे सारखे कमी होत नाही. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. आपल्या भाषेतले स्वर जाड, आणि 'स', 'श', 'त', 'क', 'फ' ही व्यंजने बारीक. 'साप' आणि 'ताप' या दोन शब्दांत फरक आहे तो पहिल्या व्यंजनाचा, आणि म्हातारपणी तोच हरवतो. त्यातच जाड आवाज मोठा केला की तो बारीक आवाजाला झाकून टाकतो. म्हणजे दादा वूफर जितका वाढवी, तितकी आजीची व्यंजने बुडत. तिला आवाज येत होता, शब्द येत नव्हते. "तोंडं हालतेत" हे तिचे वर्णन शास्त्राला धरून होते!

हे वाचून मी विचार करू लागले की खोलीत मऊ काय टाकावे. शहरात यासाठी फोमचे चौकोन आणि काचलोकरीचे पाट मिळतात, पण त्यांच्या किमती आमच्यासाठी नव्हेत. आणि मग मला हसू आले. आपण राहतो कुठे? वऱ्हाडात! पांढऱ्या सोन्याचा मुलूख म्हणून आपल्या भागाचे नाव. आवाज पिणाऱ्या उत्तम वस्तूंत कापूस मोडतो, आणि तो आपल्या दारातून गाठोड्यांनी निघून जातो. जुन्या लुगड्यांची, थरावर थर घालून शिवलेली जाड वाकळ आमच्याकडे घरोघरी असते. वऱ्हाडी जिभेवर 'ळ' चा 'य' होतो, म्हणून आमची आजी तिला 'वाकय' म्हणते. सॅबिनच्या गाद्या आमच्या घरात घडी करून पेटीवर ठेवलेल्या होत्या.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा मी शहाणपण शिकले होते. दादाला उपदेश केला नाही. बाबांना विचारले, "तुमच्या लहानपणी तंबूतल्या सिनेमात बोलणं ऐकू येत होतं का?" बाबांचे आजोळ चांदूर बाजार तालुक्यातले. तिथल्या बहिरमच्या यात्रेत त्यांनी लहानपणी तंबूत सिनेमे पाहिलेले आहेत. बाबा खुलले. तंबूच्या मधोमध पडदा, पडद्याच्या मागूनही लोक बसायचे आणि त्यांना अक्षरे उलटी दिसायची, मशीन बंद पडले की शिट्ट्या, हे सगळे सांगून ते म्हणाले, "भोंगा एकच राहे, पण पडद्यापाशी राहे. हीरो बोलला की हीरोच्या तोंडातूनच आवाज आला असं वाटे."

दादा हे ऐकत होता. इथे वाचकांना थोडी माहिती दिली पाहिजे. सिनेमा-धंद्यात आजही आपल्या भागाला 'सी. पी. बेरार' म्हणतात. मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत १९५० साली नकाशातून गेला, पण चित्रपट-वितरकांनी त्याचे नाव जपून ठेवले. तंबूतल्या सिनेमावर तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजबरोबर हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला आणि तो २०१६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. आणि बाबांनी सांगितले ते तंत्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. पक्क्या थिएटरातही पडद्याला बारीक बारीक छिद्रे असतात आणि संवादांचा स्पीकर पडद्याच्या मागे असतो, तो याचसाठी. बोलणाऱ्याच्या तोंडातून बोलणे आले पाहिजे.

आमच्या घरी संवादांचा तो मधला स्पीकर कुठे होता? दादाने तो जागा नाही म्हणून कपाटाच्या मागे टाकला होता!

मग एका रविवारी आम्ही भावंडे कामाला लागलो. जे केले ते क्रमाने सांगते, म्हणजे ज्यांच्या घरी असा संच आहे त्यांना उपयोग होईल.

मधला स्पीकर टी. व्ही.च्या बरोबर खाली आणला आणि त्याचे तोंड ऐकणाऱ्यांच्या कानाकडे किंचित वर केले. डावा-उजवा टी. व्ही.च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. याआधी ते छताला टांगलेले होते. मागच्या दोघांची एक गंमत कळली. आमचा संच टी. व्ही.ला लाल-पांढऱ्या दोन वायरींनी जोडलेला होता. त्या दोन वायरींतून दोनच प्रवाह येतात, बाकीचे स्पीकर नुसती नक्कल करतात. म्हणजे मागून जो आवाज येत होता तो पुढचाच होता, फक्त गोंधळ वाढवणारा. ज्यांच्या संचाला एच. डी. एम. आय.चे 'ए. आर. सी.' असे लिहिलेले भोक आहे, त्यांनी त्या वायरीने जोडावे, म्हणजे सहा आवाज खरेच वेगळे येऊ शकतात. आमच्या संचाला ते नव्हते, म्हणून मागचे दोघे आम्ही सोडवून पेटीत ठेवले. पाचाचे तीन झाले आणि बोलणे उलगडले. टी. व्ही.च्या आवाजाच्या यादीत 'पी. सी. एम.' निवडले आणि संवाद स्पष्ट करण्याची एक खूण होती, तीही लावली.

वूफर भिंतीच्या कोपऱ्यात होता. कोपऱ्यात ठेवला की दोन्ही भिंती आणि फरशी मिळून त्याचा आवाज फुगवतात. तो दोन हात पुढे ओढला आणि त्याचे बटण निम्म्यावर आणले. इथे दादा कुरकुरला, पण त्याने ऐकले.

मग वाकय. बसण्याच्या जागेच्या मागच्या भिंतीवर खिळे ठोकून आजीची जुनी, जाड वाकय टांगली, भिंतीपासून चार बोटे सुटी. खाली सतरंजी अंथरली. आजी दारातून पाहत होती. ती म्हणाली, "वाकय माणसाच्या अंगावर टाकतेत. भितीले काय थंडी वाजते?" आम्ही तिघेही हसलो. पण टाळी वाजवून पाहिली, तर मघाचा खणखणाट गेला होता.

आता राहिली टिना. वूफर लागला की एका विशिष्ट जाड सुराला ती झणझणे. याचे उत्तर माझ्या कोणत्याच पुस्तकात नव्हते. दादा पाच मिनिटे खाली उभा राहून नुसता ऐकत राहिला. मग शिडी लावून वर चढला, कोणता हूक ढिला आहे ते हाताने चाचपले, आणि गॅरेजातून आणलेल्या जुन्या ट्यूबचे रबर कापून प्रत्येक हुकाखाली बसवून नट आवळले. उरलेल्या रबराच्या चार चकत्या त्याने वूफरच्या पायांखाली घातल्या. झणझण थांबली. मी त्याच्याकडे पाहतच राहिले. इंजिनातला बिघाड कानाने ओळखणारा हा माणूस. त्याला 'आवाजातले काय कळते' असे मी दिवाळीत मनातल्या मनात म्हटले होते! त्या दिवशी निम्मे काम माझ्या वाचनाने केले आणि निम्मे त्याच्या कानाने. माझा वाटा मोठा नव्हता, हे इथे लिहून ठेवते.

चित्राचेही असेच झाले. टी. व्ही. कपाटावर होता. मान वर करून पाहावे लागे, आणि पुष्कळ संचांत खालून पाहिले की रंग फिके दिसतात. तो एका ठेंगण्या पेटीवर उतरवला, म्हणजे पडद्याचा मध्य बसलेल्याच्या डोळ्यांसमोर आला. समोरच्या खिडकीचा उजेड काचेत दिसत होता, म्हणून पेटी शेजारच्या भिंतीला सरकवली. किती लांब बसावे याचा एक सोपा हिशेब आहे. पडद्याच्या तिरप्या मापाच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट. त्रेचाळीस इंचांना हे अंतर साडेपाच ते सव्वासहा फूट येते. आम्ही दहा फुटांवर बसून 'चित्र बारीक दिसते' म्हणत होतो!

दुकानातून आणलेला टी. व्ही. बहुतेक वेळा भडक रंगांवर लावलेला असतो, कारण दुकानातल्या लखलखाटात त्याला शेजारच्या टी. व्ही.वर मात करायची असते. घरी तोच भडकपणा ठेवला की माणसांचे चेहरे निळसर-गुलाबी, मेणाच्या बाहुल्यांसारखे दिसतात. चित्राच्या यादीत 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' असे असते, ते निवडावे. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटते, मग डोळा सरावतो आणि पांढरा रंग दिवसाच्या उजेडातल्यासारखा पांढरा वाटू लागतो. आणखी एक खोड म्हणजे हालचाल गुळगुळीत करण्याची. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांनी बनतो, आणि टी. व्ही. स्वतःच्या मनाने मधली चित्रे घालतो. मग कोणताही चांगला सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. २०१८ साली हॉलिवूडच्या टॉम क्रूझने दिग्दर्शकासह चित्रफीत काढून लोकांना ही खोड बंद करायची विनंती केली होती. आम्हीही ती बंद केली.

खर्च सांगू? खिळे, दोरी आणि एक सतरंजी. दोनशे रुपयांच्या आत.

सारेच सुधारले असे मी म्हणणार नाही. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि तेव्हा कूलर बंद करून सिनेमा पाहा असे सांगणारा माणूस वेडाच म्हणावा लागेल. कूलर खिडकीच्या बाहेर बसवून त्याचा पंखा धीमा ठेवणे एवढेच हाती आहे. आणि आषाढातला पाऊस टिनांवर कोसळू लागला की त्यापुढे कोणतेही यंत्र चालत नाही. त्यावर उपाय एकच. सिनेमा थांबवावा आणि पाऊस ऐकावा.

त्या रात्री आम्ही 'ख्वाडा' लावला. मेंढपाळ कुटुंबाची ही मराठी कथा. तिच्या प्रत्यक्ष जागेवरच्या ध्वनिमुद्रणाला बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत पारितोषिक मिळालेले आहे. दादाने तो पूर्वी पाहिला होता. अर्ध्यात तो हळूच म्हणाला, "हे मांगचं मले आयकूच आलं नव्हतं." मला वाटते, माझ्या साऱ्या लेखाचा सारांश त्या एका वाक्यात आहे. कोणीतरी ऊनवाऱ्यात उभे राहून माळरानाचा आवाज टिपला, आणि आपण तो धडधडाटाखाली पुरून टाकत होतो.

कोणी म्हणेल, सिनेमाच्या गडगडाटाची मजा तुम्हाला कळत नाही. कळते. युद्धाच्या प्रसंगी छाती थरथरली पाहिजे, हे मलाही मान्य आहे. पण गडगडाट हा मिठासारखा असावा. आणि भिंतीपलीकडे शेजारी राहतो, याचेही भान हवे. निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातलेली आहे. आपल्या मिरवणुकांत त्या नियमांचे काय होते ते मी सांगायला नको. मोठ्या आवाजाचे वेड काही आमच्याच घरात नाही. आपले कोणी ऐकत नाही असे ज्याला वाटते तो ओरडतो, आणि सगळेच ओरडू लागले की कोणालाच काही कळत नाही.

या मातीत दुसरी परंपराही आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांचे १९५६ साली मुंबईत वांद्र्याला झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. मी ते मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर ऐकले. मुद्रण जुने, एकाच प्रवाहाचे. पण बाबा लोकांना प्रश्न विचारतात, लोक उत्तर देतात, आणि शब्द पोचतो. ज्याला वाचता येत नाही त्याला समजले पाहिजे, ही ज्यांची प्रतिज्ञा होती त्यांना आवाज चढवण्यापेक्षा शब्द पोचवण्याची काळजी होती. घरातल्या पाच स्पीकरांना मी हीच कसोटी लावते.

आता घरची हकीकत पुरी करते. दादाने मोठा वूफर घेतला नाही, पण त्याचा गडगडाटही सुटलेला नाही. आमच्याकडे करार झाला आहे. सात ते आठ आजीचे, त्यानंतर दार लावून दहापर्यंत दादाचे. आजीचे कान आम्ही तपासून घेतले. वाकय टांगल्याने कान बरे होत नाहीत, हेही खरे. वृद्धांना श्रवणयंत्र वगैरे साधने देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तिचा अर्ज मी भरला आहे. आमच्या घरातला तो पहिला सरकारी अर्ज, जो दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागला नाही.

त्या संक्रांतीच्या रविवारी संध्याकाळी सात वाजता दादाने स्वतः ओट्यावर जाऊन आजीला हाताला धरून आत आणले आणि वाकयीला टेकून बसवले. मालिका सुरू झाली. आजी बराच वेळ काही बोलली नाही. आम्ही पडद्याकडे न पाहता तिच्याकडेच पाहत होतो. मग ती वळून म्हणाली, "आता समजलं. सून वाईट नाही वं. सासूच खोटं बोलते!"

दिवाळीपासून तीन महिने ती बिचारी त्या सुनेला दोष देत होती.